तायक्वांदो : नवशिक्यांस दोन शब्द

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने १९१२ साली खासबाग मैदान जेथे उभे राहिले, त्या कोल्हापुरात कोरियातील एका विद्येची ओळख करून देणे काहींस विचित्र वाटेल. परंतु आपली कित्येक मुले ती आज शिकत आहेत. तेव्हा तिचे मर्म वडीलधाऱ्यांनी जाणून घेणे इष्ट आहे.

'ते' म्हणजे पाय, 'क्वॉन' म्हणजे मूठ व 'दो' म्हणजे मार्ग. पाय व मूठ यांच्या साह्याने आत्मसंयमाकडे नेणारा मार्ग, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो. तायक्वांदो हे नाव १९५५ साली रूढ होऊ लागले. पुढे सोलच्या १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून व सिडनीच्या २००० च्या ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून त्यास स्थान मिळाले.

नवशिक्याने प्रथम काय शिकावे? लाथ नव्हे, तर नमस्कार. आपल्या तालमीत शिरताना मारुतीरायास वंदन करून मगच मातीत उतरतात; तेथेही शिक्षकांस व प्रतिस्पर्ध्यास वाकून अभिवादन केल्याखेरीज सरावास आरंभ होत नाही. त्यानंतर पायांची ठेवण, तोल आणि मारा अडविण्याची रीत. पुढे 'पूमसे', म्हणजे ठराविक क्रमाने करावयाच्या हालचाली, आणि मग 'क्योरुगी', म्हणजे प्रत्यक्ष लढत. लढतीत मुठीने डोक्यावर प्रहार करण्यास मनाई आहे. कंबरेखाली मारणे हाही दोष समजला जातो. शक्तीइतकीच मर्यादाही महत्त्वाची, हेच यातून शिकावयाचे.

पट्ट्यांविषयी एक सूचना. पांढऱ्या पट्ट्यापासून आरंभ होऊन पिवळा, हिरवा, निळा, तांबडा असे रंग पालटत शेवटी काळा पट्टा मिळतो. "काळा पट्टा केव्हा मिळेल?" हा प्रश्न पालक पहिल्याच आठवड्यात विचारतात. वस्तादांनी नवख्या मुलास पहिल्या महिन्यात मैदानात उतरविले, तर आपण त्यांस शहाणे म्हणू काय? आधी आखाड्याची माती उकरावयाची, जोर-बैठका काढावयाच्या, मग डाव. घाईने मिळविलेला पट्टा कंबरेस शोभतो. अंगात मुरत नाही.

आता मुख्य मुद्दा. लाल मातीची तालीम आपल्या मुलींस दीर्घकाळ बंद राहिली. सिडनीत मात्र पुरुषांचे चार व स्त्रियांचेही चारच वजनगट होते. असे असताना आमच्या पाहण्यात काय येते? मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, की "आता पुरे" म्हणून घरचेच तिला काढून घेतात. आमच्या नातीच्या बाबतीत आम्हीही तेच बोललो होतो. ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, दादाला कोणी पुरे म्हटले नाही." आयुष्यभर मुलांस समान न्यायाचे धडे शिकविलेले आम्ही त्या एका वाक्यापुढे निरुत्तर झालो. ती आज तांबड्या पट्ट्यावर आहे, आणि तिची चाल पाहून आम्हांस आमच्या बोलण्याची लाज वाटते.

म्हणून एवढीच विनंती : वर्ग निवडताना शिक्षकाची शिस्त व मुलांच्या सुरक्षिततेची साधने पारखून घ्या, घाई करू नका, आणि मुलीचा पांढरा पट्टा अर्ध्या वाटेवर सोडवू नका.