स्टेंट काढायचा कोणी?



 अध्यक्षाने भाषणात आपल्या शाखेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. १९६८ मध्ये मॅक्यून यांनी एंडोस्कोपमधून पित्तनलिकेच्या तोंडाशी नळी नेऊन दाखवली, १९७४ मध्ये ते तोंड कापून खडे काढता येऊ लागले, मग हॅम्बुर्गच्या सोहेंद्रांचा, नलिका उघडी ठेवणारा प्लास्टिकचा स्टेंट आला आणि त्यामागून धातूचा. आढावा इथेच थांबवतो. जे बोलायचं बरीच वर्षं मनात आहे, ते आज बोलणार आहे.

कर्करोगाने नलिका दाबली जाते, तेव्हा धातूचा स्टेंट कायमचाच म्हणून आपण घालतो. पण पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत नलिकेला इजा होऊन ती आवळली, तर तो रुग्ण पुढे कित्येक वर्षं जगणार असतो. यकृत प्रत्यारोपणानंतर जोडाशी आलेलं आकुंचनही असंच. अशा नलिकेत उघड्या जाळीचा स्टेंट घालायला हात धजावतोच कसा? जाळीच्या छिद्राछिद्रांतून आतलं अस्तर वाढतं, तारा गिळून टाकतं. पूर्ण आवरणाचा स्टेंट सहसा निघतो, पण वेळेवर हात घातला तर! वर्षानुवर्षं राहिला, की आवरण पित्तात झिजतं, टोकांशी मांस वाढतं, आणि दोन्हींत फरक उरत नाही.

माझ्याकडे बीडकडची एक ऊसतोड करणारी बाई आली होती. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं डिस्चार्ज कार्ड. त्यावर एवढंच: ‘स्टेंट टाकला. पुन्हा दाखवणे.’ कुठला स्टेंट, कधी काढायचा, काही नाही. स्कोप आत घातला, तर नलिकेच्या तोंडाशी लालसर मांसाचा गोळा आणि त्यातून डोकावणारी तारांची दोन टोकं. चिमट्याने ओढलं तर अख्खा स्टेंट जागचा हलेना, एक तार तेवढी सुटून हातात आली. आणखी ओढलं असतं तर नलिका फाटली असती. म्हणून त्याच्या आत पूर्ण आवरणाचा दुसरा स्टेंट घातला. त्याच्या दाबाने वाढलेलं मांस मरून झडतं. काही आठवड्यांनी दोन्ही एकत्र काढले. तोवर ती तोडीवर निघून जाऊ नये, म्हणून तिच्या मुकादमाला मी स्वतः फोन करत होतो. बाई म्हणाली, “डॉक्टर, हे काढायचं असतं, असं मला कुणी बोललंच नाही.”

आपल्या परिषदांत प्लास्टिक की धातू हा वाद दरवर्षी रंगतो. २०१६ मध्ये ‘जामा’त आलेला ११२ रुग्णांचा अभ्यास दाखवला जातो: आकुंचन सुटण्यात धातूचा स्टेंट कमी पडत नाही, आणि ईआरसीपी, म्हणजे एंडोस्कोपमधून पित्तनलिकेवर करायची प्रक्रिया, कमी वेळा करावी लागते. मला तो मान्य आहे. पण तिथे रुग्णांना ठरल्या तारखांना बोलावून घेणारी यंत्रणा होती. माझ्यापुरता या वादाचा निवाडा त्या बाईने केला. प्लास्टिकचा स्टेंट विसरला, तर काही महिन्यांत तो तुंबतो आणि तापाने रुग्णाला दारात आणतो. धातूचा रुंद असतो. तो गप्प बसतो आणि रुतत जातो. म्हणून जो पाठपुरावा करू शकत नाही, त्याने धातूचा घालू नये. यावर मी तडजोड करणार नाही.

आणि खर्च? रुतलेला एक काढायला दुसरा महागडा स्टेंट लागतो. हा खर्च रुग्णाच्या कुटुंबाने का सोसावा?

आपल्या संघटनेने स्टेंटची एक नोंदवही सुरू करावी, असं मला वाटतं. प्रकार, आवरण, काढण्याची तारीख आणि रुग्णाच्या जवळच्या माणसाचा फोन, एवढं तरी त्यात हवं. कागदावर की संगणकावर, कोणी सांभाळायची, पैसे कुठून, हे नव्या समितीने ठरवावं. कार्डावर काढण्याची तारीख मराठीत, ठळक अक्षरात असावी, हे मात्र उद्यापासूनच होऊ शकतं. कोणाची परवानगी लागत नाही.

ज्याने स्टेंट घातला, तो काढला जाईपर्यंत रुग्ण त्याचाच, असा ठराव मी सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. ज्यांना तो जाचक वाटतो, त्यांनी तिथे उभं राहून कारणं सांगावीत. मी ऐकायला बसलेला असेन.