फिटरचे शिक्षण आणि आपला समाज



या व्यासपीठावर आज डॉक्टर, वकील, चार्टर्ड अकौंटंट यांचा यथोचित गौरव झाला. मला मात्र फिटरविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

जलंबहून खामगावला १८७० साली रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठी. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. रुई-सरकीचा हिशेब आपल्या पेढ्यांना तोंडपाठ. पण ऐन हंगामात जिन अडला की आपण फिटरची वाट पाहत बसतो. जिनमध्ये चामड्याच्या चकत्यांचा रोलर रुईचे तंतू ओढून नेतो, त्याला टेकलेली स्थिर सुरी सरकीला अडविते आणि हलती सुरी ठोके देऊन सरकी मोकळी करते. रोलर झिजला किंवा सुरीचा दाब बिघडला की उतारा घटतो, सरकी फुटते. हे सारे जुळविणारा तो फिटर. (चामडे नसलेले रोलरही आता निघाले आहेत, आपल्या जिनिंगचालकांनी त्यांचा अवश्य विचार करावा.)

आय.टी.आय.मध्ये हा अभ्यासक्रम दहावीनंतर दोन वर्षांचा आहे. मुलींनाही तो खुला आहे. आरंभी मुलगा व्हाइसमध्ये लोखंडी पट्टी धरून नुसती कानस मारतो. गुण्या लावून पट्टी उजेडाकडे धरावयाची. फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा कानस. "तिथे काही शिकवीतच नाहीत," असे तो घरी सांगतो आणि आपण त्याला दुकानावर बसवितो. घात होतो तो येथेच ! त्याच कंटाळवाण्या कामातून हाताला सपाटी कळू लागते. पुढे व्हर्नियरवर ०.०२ मि.मी.चे माप घेणे, शाफ्टवर बेअरिंग बसविणे, दोन शाफ्ट एका रेषेत आणणे, हे सारे त्याच हातावर उभे असते. नंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये कारखान्यात विद्यावेतनासह उमेदवारीही करता येते.

भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प अशी षट्कर्मे शिकविली. त्यांतील मसि व वाणिज्य आपण जिवापाड जपले; शिल्प दुसऱ्यांकडे सोपविले.

आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात पदवी व पदविका असे दोनच रकाने आहेत. तिसरा आय.टी.आय.चा घालावा आणि प्रवेश घेणाऱ्यास पहिल्याच वर्षी कानस, गुण्या, हॅक्सॉ व व्हर्नियर ही स्वतःची हत्यारे द्यावीत, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे.