गोठ्यातले औषध, घरातला आजार



 जिल्ह्यातल्या पशुवैद्यकांच्या या अधिवेशनात रिक्त पदे, औषधांचा पुरवठा, रात्रीच्या बोलावण्याचा भत्ता यांवरचे ठराव उद्या मांडले जातीलच. मी आज एकाच विषयावर बोलणार आहे. जनावराला आपण टोचलेले औषध पुढे घरातल्या माणसाच्या उपचाराच्या आड कसे येते, हा तो विषय.

आपला जिल्हा दुधावर उभा आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय दिली. घोडेगाव, लोणी, काष्टीच्या बाजारांतून जनावरे लांबलांबच्या गावांना गेली. गाईचे दूध वाढले, तशी दगडी, म्हणजे कासेची सूज, हीही वाढली, आणि दगडीबरोबर इंजेक्शनेही. दुसरीकडे कुत्रा आता नुसता वस्तीचा राखणदार राहिलेला नाही. शहरातल्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये तो सोफ्यावर झोपतो आणि मुलांच्या हातून बिस्किट खातो. त्याचा कान वाहू लागला की घरात पडून असलेली मलमाची ट्यूब त्यालाच लावली जाते. तिच्यात स्टिरॉइड असते, अँटिबायोटिकही असते. चार दिवस बरे वाटते, मग कान पुन्हा वाहतो, मग दुसरी ट्यूब येते.

गोठ्यात काय घडते, ते तुम्हाला मी सांगायला नको. गाईचा एक सड दगडासारखा होतो, धारेत गुठळ्या येतात. मालक म्हणतो, ‘डॉक्टर, भारीतले द्या, संध्याकाळी दूध घालायचे आहे.’ आपण सेफ्ट्रायॅक्सोन टोचतो. ते दूध डेअरीला चालत नाही, फेकवतही नाही. मग निम्मे वासराला पाजतात, उरलेले कुत्र्याच्या भांड्यात ओततात. औषधाचा अंश असलेले दूध रोज पोटात गेले की तिथले साधे जिवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात, वाढतात. ते शेणातून अंगणात येतात आणि धार काढणाऱ्या बाईच्या हाताला लागतात. कुत्रा ज्या जिभेने भांडे चाटतो, तिनेच पोराचा खरचटलेला गुडघा चाटतो.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती टाळली पाहिजे. दुधातला औषधाचा अंश वेगळा आणि औषधाला दाद न देणारा जिवाणू वेगळा. दूध उकळले की जिवाणू मरतो, पण औषधाचा सगळा अंश जात नाही. अशा दुधाला विरजण लागत नाही, हे घरातल्या बायकांना प्रयोगशाळेच्या आधी कळते. उलट, हातावरून, शेणातून, कुत्र्याच्या लाळेतून आणि कातडीवरून फिरणाऱ्या जिवाणूवर दूध उकळण्याचा काही उपाय चालत नाही. शिवाय प्रतिरोधाचे जनुक एका जातीचा जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूला देऊ शकतो. म्हणून हा प्रश्न एका रोगाचा राहत नाही.

ही भीती हवेतली नाही. कोलिस्टिन हे माणसाच्या उपचारातले अगदी शेवटचे औषध. त्याला निकामी करणारे आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारे जनुक चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचे 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. भारताने जुलै 2019 मध्ये खाद्य-जनावरे, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्यात कोलिस्टिनवर बंदी घातली. पोर्तुगाल आणि ब्रिटनमध्ये आजारी कुत्र्या-मांजरांची आणि त्यांच्या मालकांची एकत्र तपासणी झाली, तेव्हा काही घरांत दोघांच्याही पोटात एकाच वाणाचे प्रतिरोधक जिवाणू मिळाले. जगभरात 2019 या एका वर्षात प्रतिरोधक जिवाणूंमुळे थेट सुमारे 12.7 लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे.

मात्र सगळा दोष मुक्या जनावराच्या माथी मारू नका. कुत्र्याच्या कातडीवरचा स्टॅफिलोकोकस माणसाला लागू शकतो हे खरे. पण एमआरएसए नावाचा प्रतिरोधक स्टॅफिलोकोकस बहुधा माणसाकडूनच कुत्र्याकडे जातो. धडधाकट माणसाला यातून सहसा काही होत नाही. जपायचे ते मधुमेही आजोबांना, बाळंतिणीला, तान्ह्या बाळाला, केमोथेरपी घेणाऱ्याला. कुत्रा घराबाहेर काढायची गरज नाही. हात धुवा, जखम झाका, ती चाटू देऊ नका, एवढे पुरे.

आता आपल्या वाट्याच्या दोषाचे बोलतो. आपण टोचतो ते एन्रोफ्लॉक्सासिन जनावराच्या अंगात काही अंशी सिप्रोफ्लॉक्सासिन होते, म्हणजे डॉक्टरसाहेब लघवीच्या संसर्गाला देतात तेच. सेफ्ट्रायॅक्सोन 1 मार्च 2014 पासून औषध नियमांच्या एच-1 अनुसूचीत आहे. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही, विक्रीची वेगळी नोंदही ठेवावी लागते. तरी गावोगावी त्याची बाटली सहज मिळते, आणि आपण नाही दिले तर दुसरा कोणी देतो. ही स्पर्धा आपल्यालाच थांबवावी लागेल.

त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. दगडी ओळखण्याची सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) चाचणी गोठ्यातच होते. पहिल्या इंजेक्शनआधी प्रयोगशाळेसाठी दुधाचा नमुना घेतला, तर निकाल येईपर्यंत साध्या औषधाने सुरुवात करता येते. सुरुवातीच्या दगडीला कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही सुचवते. औषध चालू असताना आणि त्यानंतर ठरलेल्या दिवसांपर्यंतचे दूध वासराला नको, कुत्र्याला नको. इथे आलेल्या, माणसांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर मित्रांनाही एक विनंती आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या रुग्णाला घरी जनावर आहे का, त्याला अलीकडे कोणते औषध दिले, एवढे विचारा. आम्हीही विचारू, घरात कोणी दवाखान्यातून नुकते आले आहे का.

याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या साध्या बायकांच्या हाती आरोग्याचे काम दिले आणि ते जगाला दाखवले. धार काढणारी, विरजण लावणारी आणि पोरांना जेवू घालणारी ती बाईच घर आणि गोठा दोन्ही पाहते. तिला हे समजावून सांगणे हे आपल्या दोन्ही व्यवसायांचे सामाईक काम आहे.

नवे प्रतिजैविक लवकर येईल, या आशेवर राहण्यात अर्थ नाही. जी आहेत ती टिकवणे मात्र आपल्या हातात आहे. या अधिवेशनातून प्रत्येकाने एवढाच नेम घेऊन जावे: नमुना घेतल्याशिवाय भारीतले इंजेक्शन भरायचे नाही.