कथील, कल्हई आणि टिन



आमच्या औशाच्या बाजारात जाऊन तुम्ही "टिन पाहिजे" म्हणालात, तर दुकानदार एकच प्रश्न विचारील, "किती फुटी?" टिन म्हणजे घरावर घालायचा पत्रा, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आमच्या तालुक्यातले किल्लारी हादरले, आजूबाजूची गावे मातीला मिळाली, आणि मागे राहिलेल्या माणसांनी पुढे कितीतरी दिवस टिनशेडमध्ये काढले. तेव्हापासून तर हा शब्द आमच्या भागात अगदी घरचाच झाला आहे.

आता गंमत पाहा. या टिनात टिन नसते. तो पत्रा असतो पोलादाचा आणि त्यावर मुलामा असतो जस्ताचा. आपण जिला जस्ती बादली म्हणतो, तिचाच तो भाऊ. मग खरे टिन कुठे आहे? गोडेतेलाचा पंधरा किलोचा जो डबा घरी येतो, त्याच्या पत्र्यावर ते केसाहूनही पातळ थराने बसलेले असते. त्या डब्याला टिन म्हणतात ते एवढ्यासाठीच. पुढे डब्याचे नाव पत्र्याला लागले, आणि पत्रा बदलला तरी नाव तेच राहिले. याहून जुन्या ठिकाणी ते पाहायचे असेल, तर माळ्यावरचा आजीचा पितळी गंज खाली काढा. आत जी रुपेरी झाक दिसते ती टिनाचीच. मराठीत या धातूला शब्द आहे कथील, आणि त्याचा मुलामा भांड्याला देणे म्हणजे कल्हई करणे.

आज मी आपल्याशी बोलणार आहे ते या कथलाच्या नावांविषयी. विषय कोशातला वाटेल, पण तो माझ्याकडे आला एका पोराच्या वहीतून.

मी शाळेत मराठी शिकवीत असे. 'आमच्या गावचा बाजार' असा निबंध घातला होता. एका पोराने लिहिले, "चाचा भांड्याला कलई करतो. आता कलई महाग झाली." मी तांबड्या शाईने दोन्ही 'कलई' खोडल्या. पहिलीवर लिहिले 'कल्हई', दुसरीवर 'कथील'. कारण पहिल्या वाक्यात काम आहे, दुसऱ्यात धातू आहे. माझे व्याकरण चोख होते. पोरगा काही बोलला नाही, पण त्या आठवड्यात बाजारच्या दिवशी त्याचे ते चाचा मला भेटले. हसत म्हणाले, "मास्तर, हमारे में तो इसकूच कलई बोलते," आणि त्यांनी पिशवीतून कथलाची एक कांडी काढून माझ्या हातावर ठेवली. काम कलई आणि धातूही कलईच. मी त्यांना नमस्कार केला आणि घरी येऊन कोश उघडला. त्या दिवशी मला कळले, की तांबडी रेघ मी चुकीच्या जागी मारली होती.

कलई हा शब्द मूळचा धातूचाच आहे. मलायाच्या किनाऱ्यावर कलह नावाचे एक बंदर होते. नवव्या-दहाव्या शतकांतल्या अरब भूगोलकारांनी त्याचे वर्णन करताना तिथल्या कथलाच्या खाणींचा उल्लेख केला आहे. त्या कलहचे म्हणून ते कथील अरबीत 'कलई', असा या नावाचा उलगडा सर्वसाधारणपणे केला जातो. आपण पैठणहून आलेल्या वस्त्राला पैठणी म्हणतो, तशातलाच हा प्रकार. अरबीतून तो शब्द फारसीत गेला, तुर्कांनी त्याचा 'कलाय' केला, पोर्तुगीजांनी 'कलाइम' केला, आणि दख्खनच्या सुलतानांबरोबर वाढलेल्या आमच्या दखनी बोलीत तो तसाच नांदत राहिला. मराठीने मात्र त्याच्यात एक हकार घातला आणि अर्थही आकसून घेतला. धातू बाजूला राहिला, मुलामा तेवढा शब्दात उरला. असे का झाले? तर धातूसाठी मराठीजवळ स्वतःचा शब्द आधीच होता.

तो शब्द कथील. आणि त्याची हकीकत आणखी दूरची आहे.

संस्कृत कोशांत 'कस्तीर' असा एक शब्द सापडतो. प्राकृताच्या जात्यातून निघून गुजरातीत त्याचे 'कथीर' झाले, मराठीत 'कथील'. हे कस्तीर आले कोठून? ग्रीक भाषेत कथलाला 'कासितेरोस' म्हणत, आणि कस्तीर हे त्याचेच आपल्याकडे आलेले रूप असावे असे बहुतेक भाषापंडित मानतात. अरबीतही कथलाला जो दुसरा शब्द आहे 'कस्दीर', तोही याच कासितेरोसचा. कथलाच्या खनिजाला आजचे शास्त्र कॅसिटेराइट म्हणते, त्यातही तोच लपला आहे. आपल्या देशात हे खनिज बस्तरच्या बाजूला सापडते. म्हणजे बस्तरच्या दगडाला आजही ग्रीकांच्याच शब्दाने हाक मारली जाते. स्वतः ग्रीकांना मात्र हा धातू नेमका कोठून येतो ते माहीत नव्हते. हिरोडोटसने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे, की ज्यांना कथलाची बेटे म्हणतात ती मला ठाऊक नाहीत.

ग्रीकांचा शब्द मराठी मुलखात कसा पोहोचला असेल, असे आपण विचाराल. त्यासाठी औशापासून फार लांब जायला नको, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरपर्यंत गेले तरी पुरे. तेरच्या संग्रहालयात रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या वस्तू मांडल्या आहेत, त्या ज्या शिक्षकांनी मुलांना दाखविल्या नसतील त्यांनी एकदा जरूर दाखवाव्यात. तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे समुद्रव्यापाराचे वाटाड्या-पुस्तक आहे, त्यात हे तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे. इथले कापड गाड्यांवर लादून, वाट ना पायवाट अशा मुलखातून, भडोचच्या बंदरापर्यंत नेत. आणि त्याच पुस्तकात भडोचला उतरणाऱ्या परदेशी मालाची यादी आहे. तिच्यात दारू आहे, पोवळे आहे, आणि एका ओळीत तीन धातू आहेत: तांबे, कथील आणि शिसे.

कापड घेऊन गेलेल्या गाड्या परत येताना रिकाम्या थोड्याच येत असतील! कथील हा शब्द याच गाड्यांतून मराठीत उतरला असे मी शपथेवर सांगणार नाही. पण माल ज्या वाटेने येतो त्या वाटेने त्याचे नावही येते, आणि ती वाट आपल्या उंबऱ्यावरून जात होती एवढे खरे.

इथे एका मोहापासून आपल्याला सावध करतो, कारण मीही त्याला बळी पडलो होतो. तेलुगूत कथलाला 'तगरम्' म्हणतात, तमिळातही तगरम्, कन्नडात 'तवर'. झाले! तेरचे नाव तगर आणि कथलाचे नावही तगर, तेव्हा हे गाव कथलाच्या पेठेवरूनच ओळखले जात असणार, असा शोध मी लावला आणि दोन दिवस खुशीत होतो. मग लक्षात आले, की संस्कृतात तगर हे एका सुगंधी मुळाच्या वनस्पतीचेही नाव आहे, अंगणात फुलणाऱ्या तगरीलाही आपण तेच म्हणतो, आणि पेरिप्लसवाला तर तगरहून जाणाऱ्या मालात कापड सांगतो, धातू नाही. नावे सारखी दिसली म्हणून ती एका रक्ताची ठरत नाहीत. माझा शोध मी गुंडाळून ठेवला.

याच जातीचा आणखी एक नमुना कल्हईवाल्याच्या पिशवीतच असतो, तो म्हणजे नवसागर. नऊ सागरांशी त्याचा काही संबंध नाही. फारसीत त्याला नौशादर म्हणतात. आपल्या जिभेला तो परका वाटला, म्हणून तिने ओळखीचे दोन शब्द त्याच्या अंगावर चढविले. काम मात्र त्याचे मोठे. चाचा खड्ड्यात कोळसे पेटवीत, भाता चालवीत. वाळूने घासलेले भांडे चांगले तापले की नवसागराची चिमूट टाकीत, पांढरा धूर उठे, आणि तांब्यावर चढलेला मळकट थर निघून जाई. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. कथील 232 अंशांवर वितळते, तांब्याला वितळायला हजारावर अंश लागतात, म्हणून भांड्याला इजा न होता ते पाण्यासारखे पसरते. कापसाच्या बोळ्याने ते गरगर फिरविले की क्षणात सारे भांडे चांदीचे! शेवटी पाण्यात बुडविताना चर्र आवाज होई, तो ऐकायला आम्ही पोरे शाळा बुडवून उभे राहत असू.

हे सारे कशासाठी, ते आमच्या आजीला पुस्तक न वाचता माहीत होते. ताक, चिंचेचे सार, कढी असल्या आंबट वस्तू उघड्या तांब्यापितळेत ठेवल्या की त्या धातूला खातात आणि तो अन्नात उतरतो. आजी ओरडे, "त्यात ताक घालू नगंस, कळकंल!" कळकणे हे क्रियापद मराठीने केवळ या एका गोष्टीसाठी घडविले आहे, आणि ते कथलाच्या कोणत्याही नावाइतकेच मोलाचे आहे. कळकलेले खाऊन उलट्या होतात. कथलाला मात्र असल्या आंबटाचे फारसे काही वाटत नाही, आणि थोडे पोटात गेले तरी ते अपाय करीत नाही.

पण हे सारे त्या मुलाम्यात कथीलच असेल तर. इथे पुन्हा आपण नावांकडे वळू, कारण कथील आणि शिसे यांच्या नावांचा घोटाळा फार जुना आहे. रुद्रपठणात चमक म्हणतात, त्यात धातूंची नावे येतात. तिथे सीस आणि त्रपु शेजारी शेजारी बसले आहेत. सीस म्हणजे शिसे, त्रपु म्हणजे कथील. वैद्यांच्या भाषेत कथील 'वंग' होते आणि शिसे 'नाग'. वंग हे बंगालचेही जुने नाव, तेव्हा पूर्वेकडचे कथील त्या बाजूने येत असल्याने ते नाव पडले असावे असा एक तर्क आहे. रोमन लोकांनी तर दोन्हींना एकच नाव दिले होते: प्लुंबुम. शिसे ते काळे प्लुंबुम, कथील ते पांढरे प्लुंबुम. त्यांच्या पाण्याच्या नळ्या शिशाच्या असत, म्हणून नळ जोडणारा तो प्लंबर. आज औशात नळ दुरुस्त करणाऱ्या पोराच्या पाटीवर जो शब्द असतो, तो मूळचा शिशाचा आहे.

नावांत झालेली ही सरमिसळ कागदावर राहती तर काही बिघडत नव्हते. पण शिसे कथलाहून स्वस्त. दोन्ही पांढुरकी, दोन्ही मऊ, दोन्ही थोड्या आचेवर वितळणारी. नुसत्या डोळ्यांनी ताजा मुलामा ओळखता येत नाही, म्हणून कांडीत शिसे मिसळण्याचा मोह होतो. आणि शिसे हे विष आहे. ते अंगात साठत जाते, लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालते, आणि शरीरात किती शिसे चालेल असा विचार केला तर निर्धोक म्हणावी अशी मात्रा शास्त्राला सापडलेली नाही. भांडे कळकू नये म्हणून कल्हई करायची आणि त्याच कल्हईतून शिसे खायचे, असे व्हायला नको.

अलीकडे तांब्यापितळेची भांडी पुन्हा हौसेने घेतली जात आहेत, म्हणून चाचांनी मला शिकविलेली परीक्षा सांगतो. शिक्षकांनी ती वर्गात करून दाखवायला हरकत नाही, फक्त शिशाला लागलेले हात मुलांना साबणाने धुवायला लावा. कांडी कोऱ्या कागदावर ओढून पाहा. शिसे पेन्सिलीसारखी काळपट रेघ सहज उमटविते. हातात तोलून पाहा. त्याच आकाराचे शिसे कथलाच्या दीडपट भरते. आणि तिसरी परीक्षा माझ्या आवडीची. चाचांनी त्या दिवशी दिलेली कांडी मी नुसतीच न्याहाळीत उभा होतो. ते म्हणाले, "मास्तर, कानाजवळ धरा आणि वाकवा." मी वाकविली. आतून बारीक करकर ऐकू आली, वाळली शेंग चिरडावी तशी. कथलातल्या स्फटिकांची रचना वाकताना बदलते तेव्हा ते असे बोलते. शिशाची कांडी वाकविली तर ती गपचूप वाकते. दुसऱ्या दिवशी तीच कांडी मी वर्गात नेली, त्या पोराच्या कानाशी धरून वाकविली, आणि त्याच्या वहीतल्या दुसऱ्या 'कलई'वरची माझी तांबडी दुरुस्ती त्याच्यादेखत खोडून टाकली.