‘चालतंय ना, मग राहू दे’
(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण)



‘ब्राउझर अपडेट करा’ हा विषय ऐकून दोघे-तिघे चहाला उठले. जाऊ द्या, चहा चांगला झालाय. पण खजिनदारांनी मात्र बसावं, कारण मुद्दा आपल्या सिंकिंग फंडाचा आहे.

आपली सोसायटी २००१ साली नोंदली गेली. त्याच वर्षी इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला. ते निळं ‘ई’ आठवतंय ना? कित्येकांना तेच इंटरनेट वाटायचं. जून २०२२ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनंच इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त केला. आपली बिल्डिंग मात्र उभी आहे, कारण आपण वेळोवेळी प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, पाइपलाइन बघत आलो.

क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी हे सगळे ब्राउझर. वीजबिल, सातबारा, रेल्वेचं तिकीट, बँक, सगळं त्यांतून उघडतं. म्हणजे आपले पासवर्ड आणि ओटीपीही त्यातच टाइप होतात.

आता नेहमीचा प्रश्न: ‘व्यवस्थित चालतंय, मग हात कशाला लावायचा?’ समजा, एका कंपनीच्या कुलपात दोष सापडला. कंपनीनं जाहीर केलं की अमुक मॉडेलमध्ये अमुक दोष आहे, फुकट बदलून घ्या. ही बातमी आपण वाचतो, तशी चोरही वाचतो. ज्यानं कुलूप बदललं तो सुटला. ज्यानं नाही बदललं, त्याचं दार कालच्यापेक्षा आज जास्त धोक्यात आलं, आणि कुलूप मात्र पूर्वीसारखंच छान लागतंय! ब्राउझरचं अगदी असंच होतं. दुरुस्ती बाहेर पडली की जुन्या आवृत्तीत भोक कुठे आहे हे जगाला कळतं. म्हणून ‘चालतंय’ हा सुरक्षिततेचा पुरावा नाही.

आता आपल्या ऑफिसातला कॉम्प्युटर. त्यावर विंडोज ७ आहे. तिचा सर्वसाधारण सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला. क्रोमची १०९ ही तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली ११० तिच्यावर चालतच नाही. म्हणजे तीन वर्षं ते कुलूप बदललेलं नाही, आणि त्याच मशीनवरून सोसायटीचं बँक खातं उघडलं जातं. सगळ्या सभासदांचे फोन नंबरही त्यातच. विषय दोनदा सभेत आला आणि दोन्ही वेळा ‘पुढच्या सभेत घेऊ’ असं ठरलं. लिफ्टची एएमसी आपण कधी अशी पुढे ढकलतो का?

जुन्या मशीनचा आणखी एक त्रास आहे. ३० सप्टेंबर २०२१ ला, वेबसाइट खरी आहे हे ओळखण्यासाठी वापरलं जाणारं एक जुनं मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झालं. त्यानंतर अनेक जुन्या फोन-कॉम्प्युटरवर चांगल्या साइटलाही ‘असुरक्षित’ असा इशारा येऊ लागला. माणूस काय करतो? ‘तरीही पुढे जा’ दाबतो. चार वेळा दाबलं की हाताला सवय लागते, आणि पाचव्या वेळी इशारा खरा असतो.

अपडेट कसं करायचं? क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, मग हेल्प, मग अबाउट गूगल क्रोम. तो स्वतःच शोधतो. नंतर ‘रीलाँच’ दाबायचं, हे बरेच जण विसरतात. ब्राउझर महिनाभर बंदच केला नाही, तर उतरवलेलं अपडेट तसंच ताटकळत बसतं. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमधून. आयफोनवर सफारी आयओएसबरोबर अपडेट होतो.

आजी-आजोबांनी एक नीट ऐका. एखादी साइट बघताना मध्येच ‘तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथे दाबा’ अशी पाटी आली, तर दाबायचं नाही. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल तर मुळीच उघडायची नाही, मग ती भाच्यानं पाठवलेली का असेना. त्याचाच फोन कुणाच्या तरी ताब्यात गेलेला असू शकतो. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा.

ऑफिसच्या नव्या कॉम्प्युटरचा ठराव मी सेक्रेटरींकडे लेखी दिला आहे. अनुमोदक हवा आहे. चहाला गेलेल्यांपैकी कुणी असेल तरी चालेल.