जिवाचा घोर आणि स्मरण



दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातील कितीतरी गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकाकडे निघतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. दिवस कामात जातो. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की मनाचे जाते सुरू होते. ट्रक नीट पोहोचला असेल का? उचल फिटेल का? लेकराला ताप तर नसेल? या जात्यात दाणा नसतो, तरी ते थांबत नाही.

‘काळजी करू नकोस’ एवढे सांगितल्याने कुणाची काळजी गेल्याचे मी तरी पाहिलेले नाही. मनाला धरायला काहीतरी द्यावे लागते. ख्रिस्ती भक्तांनी त्याला स्मरण दिले. नामस्मरण आपल्याला नवे नाही. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या अंबाजोगाईच्या मुलुखात ते सांगायला नको. ख्रिस्ती स्मरणात मात्र नावाबरोबरच, देवाने मागे कोणत्या प्रसंगी कसे तारले, याची एकेक आठवण काढण्यावर मोठा भर असतो.

बायबलातील स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांतील सत्त्याहत्तरावे स्तोत्र आसाफाच्या नावावर आहे. कवीला झोप नाही, समाधान नाही. देव आपल्याला विसरला की काय, असे तो उघडच विचारतो. आणि मग तो मागचे आठवू लागतो. आपल्या पूर्वजांना समुद्रातून वाट कशी मिळाली, मेंढपाळ कळप नेतो तसे देवाने त्यांना कसे नेले, हे आठवता आठवता स्तोत्र संपते. कवीचे संकट टळले, असे शेवटी कुठेही म्हटलेले नाही. संकट आहे तिथेच आहे. पण आता कवी त्याच्यापुढे एकटा उभा नाही.

खुद्द येशूचेही तसेच. दुसऱ्या दिवशी वधस्तंभ होता. त्या रात्री त्याने शिष्यांना भाकरी मोडून दिली आणि हे आपल्या आठवणीसाठी करीत जा, असे सांगितले. पुढे गेथशेमाने बागेत तो स्वतः व्याकुळ झाला. तेव्हा जीव घाबरा होणे म्हणजे श्रद्धा उणी पडणे, असे कुणी समजू नये.

आपल्या मराठीतले उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या मुलाला घेऊन काही वर्षे त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या आणि १९०० साली त्यांनीही दीक्षा घेतली. १९१९ मध्ये टिळक गेले. उतारवयात लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्यांत ते जीवघेणे दिवस येतात. पण सांगताना बाई मधूनच हसतात, आपल्यालाही हसवतात. दुःख पुसले गेले नव्हते. त्याला आठवणीत त्याची जागा मिळाली होती.

आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती आजी आहेत. मुलगा-सून फडावर गेली की त्या रोज रात्री नातवाला जवळ घेऊन तीन गोष्टी सांगतात. १९७२ च्या दुष्काळात आईबरोबर खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले, ती एक. दुसरी कोणती तरी सुटकेची. तिसरी त्याच दिवसाची, मग ती शेजारणीने दिलेल्या वाटीभर ताकाची का असेना. नंतर प्रार्थना, आणि झोप. मी एकदा विचारले, ‘आजी, याने काळजी जाते का?’ त्या म्हणाल्या, ‘जात नाही, मास्तर. पण उद्या सकाळी चूल पेटवायचं बळ येतं.’

शिक्षक बंधुभगिनींनो, ज्यांचे आईबाप फडावर आहेत, त्या मुलांना आठवड्यातून एकदा आपल्या घरची अशी एखादी गोष्ट सांगायला लावा. ती कोणत्या धर्माची, हे विचारण्याचे कारण नाही.

एक मात्र बजावून सांगतो. झोप कायमची उडाली, जेवण तुटले, जीव नकोसा वाटू लागला, तर स्मरणाबरोबर डॉक्टरही हवा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. तिथे फुकट बोलता येते. मदत मागण्याने श्रद्धा कमी होत नाही.

आज रात्री जाते सुरू झाले, तर त्यात एक दाणा टाकून पाहा. मागे एकदा आपण कसे तरलो होतो, एवढे आठवा, आणि ते जवळच्या माणसाला सांगा.