न्याय मोजायचा कसा?



दूध मापाने मोजतात. धान्य पायलीने मोजतात. पण न्याय मोजता येतो का? येतो. कसा, ते सांगतो.

काही माणसांच्या बुद्धीची वाढ लहानपणापासून कमी होते. त्यांना पूर्वी मतिमंद म्हणत. आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात. त्यांना सांभाळणाऱ्या संस्था आहेत. तिथले सेवक त्यांना न्हाऊ घालतात, भरवतात, कपडे घालायला शिकवतात. काम मोठे जिकिरीचे. अशा सेवकाला वाटू लागले, की 'मी एवढा राबतो, पण माझी किंमत कुणाला नाही,' तर तो मनाने थकतो. खाडे करतो. एक दिवस काम सोडतो. मग त्या दिव्यांगाचा ओळखीचा हात सुटतो. खरे नुकसान त्याचे होते.

अमेरिकेत ॲडम्स नावाच्या विद्वानांनी १९६३ साली सांगितले, की माणूस मनात हिशेब मांडतो. मी घातले किती, मला मिळाले किती? शेजाऱ्याने घातले किती, त्याला मिळाले किती?

पुढे २००१ साली तिथल्याच कोल्क्विट यांनी वीस प्रश्नांचे एक माप तयार केले. त्यात चार गोष्टी विचारतात. कष्टाच्या मानाने मोबदला मिळतो का? निर्णय घेताना सर्वांना सारखाच नियम लावतात का? वरचा माणूस मानाने बोलतो का? निर्णयाचे कारण नीट सांगतो का? उत्तराला एक ते पाच गुण. गुणांची बेरीज केली, की कुठे दुखते ते कळते.

समजा, दिवाळीची रात्रपाळी एकाला करायचीच आहे. सर्वांसमोर चिठ्ठी टाकून ती आली, तर माणूस मुकाट्याने करतो. साहेबाच्या मर्जीतला सुटला आणि आपल्यावर आली, तर तीच पाळी मनाला लागते. काम तेच, पगार तोच. फरक पडला तो रीतीने.

हॉलंडमध्ये अशाच सेवकांना एकत्र बसवून त्यांच्या मनातल्या या हिशेबावर बोलते केले. त्याचा अहवाल १९९८ साली निघाला. सेवकांचा शीण कमी झाला, खाडे कमी झाले. ज्यांना सोबत्यांचा आधार होता, त्यांना गुण जास्त आला.

मात्र मोजून कागद कपाटात ठेवला, तर उपयोग काय? ताप पाहिला, तर औषधही दिले पाहिजे.

तुमच्यापैकी कुणी अशा कामावर असाल. असा कागद पुढे आला, तर दुसऱ्याकडून भरून घेऊ नका. आता तुम्हांला वाचता येते. स्वतः वाचा आणि मनातले खरे तेच लिहा.